पेल्यातला मासा

टॅरोच्या कॅटात ७८ पत्ते असतात. या पुस्तिकेत त्यांपैकी एकाच पत्त्याविषयी लिहिलं आहे. उरलेल्या ७७ जणांनी राग मानू नये. टॅरोवरची बहुतेक पुस्तकं सगळा कॅट घेऊन बसतात. प्रत्येक पत्त्याला एक-दीड पान, सुलटा पडला तर काय, उलटा पडला तर काय, नोकरीत काय, लग्नात काय, की लगेच पुढचा पत्ता. अशी पुस्तकं मी बरीच वाचली आणि प्रत्येक वेळी वाटलं, पाहुण्यांना दारातूनच चहा देऊन वाटेला लावतात तसं हे चाललं आहे. एकाला तरी घरात घ्यावं, पाट द्यावा, कुठून आलात विचारावं. म्हणून हा उद्योग.

पत्त्याचं नाव ‘पेज ऑफ कप्स’. जाणकार विचारतील, मृत्यू, सैतान, कोसळता मनोरा, दैवाचं चाक असे मातब्बर पत्ते सोडून हा पोरसवदा पत्ता कशाला निवडला? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मला शिरवण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर जावं लागेल.

शिरवणे हे नवी मुंबईतलं एक मूळ गाव. एका अंगाला जुईनगर स्टेशन, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, आणि मधे दाटीवाटीने उभं राहिलेलं गावठाण. तिथे एका पावसाळी दुपारी माझ्या भाचीने नवाकोरा टॅरोचा कॅट ओटीवर पसरला होता. तिला मुलाखतीला जायचं होतं आणि जाण्याआधी ‘एकच पत्ता’ काढायचा होता. निघाला तो हा. शेजारी माझी आत्या तांदूळ निवडत बसलेली. वय ऐंशीच्या पुढचं, पण डोळा अजून शाबूत. तिने पत्ता हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

“कंचा पत्ता ह्यो?”

“पेज ऑफ कप्स, आजी.”

“पेज? कपान पेज?” आत्या खदखदून हसली. आमच्याकडे पेज म्हणजे तांदळाची, तापकऱ्याला वाटीतून द्यायची. ती कपातही देता येईल, पण तिचा पत्ता छापायचं कारण काय, हे तिला कळेना. मग तिचं लक्ष पेल्यातून डोकं काढलेल्या माशाकडे गेलं आणि तिचं हसू थांबलं. “न ह्यो तं निवटा हाय,” ती म्हणाली.

टॅरोवरच्या कुठल्याही पुस्तकात न सापडलेला हा अर्थ आहे. माझ्या मते तो सगळ्यात अचूक आहे. ही पुस्तिका त्या एका वाक्यातून निघाली.

आधी चित्र नीट पाहू. समुद्रकाठी एक तरुण उभा आहे. पाठीमागे लाटा. डोक्यावर निळी टोपी, तिच्या कापडाचा शेव खांद्यावर उतरलेला. अंगातल्या झग्यावर फुलं, पाण्यात उगवणारी वाटावीत अशी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात सोनेरी पेला. मराठी डोळ्याला तो कमरेवरचा हात चटकन ओळखीचा वाटतो. मात्र विठोबाचे दोन्ही हात कमरेवर, आणि याचा एक हात अडकलेला. पेल्यातून एक मासा वर आला आहे आणि तो थेट या तरुणाच्या तोंडाकडे बघतो आहे. तरुणही त्याच्याकडे बघतो आहे. त्याने पेला टाकून दिलेला नाही, तो ओरडलेला नाही, माशाला पकडायलाही गेलेला नाही. दोघांचं काहीतरी बोलणं चाललं आहे आणि या क्षणी पाळी माशाची आहे.

या चित्रात मासा आला कधी? टॅरो मूळचा जुगार-करमणुकीचा खेळ. उत्तर इटलीच्या दरबारांत १४४०च्या सुमारास तो खेळला जाऊ लागला. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोनेरी वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. हुकूम करायचे २२ विशेष पत्ते आणि चार रंगांचे ५६ साधे पत्ते, असा हा ७८चा हिशेब. त्या साध्या पत्त्यांची मांडणी आपल्याला परकी नाही. पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या असे चार रंग, आणि प्रत्येकात १० आकडी पानं व चार दरबारी. आपल्या बदाम-इस्पिक-चौकट-किलवरच्या कॅटात राजा, राणी आणि गुलाम असे तीन दरबारी असतात. टॅरोत एक घोडेस्वार जास्त. पेल्यांची जोडी बदामाशी लावायची पद्धत आहे. तेव्हा ‘पेज ऑफ कप्स’ म्हणजे आपला बदामाचा गुलाम. ‘बदाम सात’ खेळताना आपण कितीदा तरी त्याला सातानंतर रांगेत बसवलेलं आहे, फक्त त्याची कधी विचारपूस केलेली नाही.

भविष्य सांगायला टॅरो वापरणं ही गोष्ट बरीच उशिराची. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबेलँ या फ्रेंच गृहस्थाने लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काहीच नव्हता, पण कल्पना झकास होती, आणि झकास कल्पनेला पुरावा विचारणारे नेहमीच थोडे असतात. लगोलग एतेया नावाने लिहिणाऱ्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसायच थाटला. तरी फ्रान्समध्ये छापल्या जाणाऱ्या जुन्या ‘मार्सेय’ वळणाच्या कॅटात पेल्यांचा गुलाम नुसता पेला घेऊन चालतो. पेल्यात मासा नाही.

मासा आला १९०९ मध्ये, आणि तो एका बाईच्या हातून आला. पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडन. लहानपणाचा काही काळ जमैकात गेला आणि तिथल्या अनान्सी कोळ्याच्या लोककथा तिने पुढे गोळा करून स्वतःच्या चित्रांसह छापल्या. रंगभूमीसाठी तिने नेपथ्य आणि वेशभूषा केल्या. संगीत ऐकताना तिला चित्रं दिसत आणि ती ती काढत असे. लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळात तिची गाठ आर्थर एडवर्ड वेट यांच्याशी पडली. वेट यांनी नवा टॅरो मांडायचं ठरवलं, चित्रं हिला सांगितली, आणि तिने अवघ्या काही महिन्यांत ती पुरी केली. १९०९च्या अखेरीस रायडर या प्रकाशनसंस्थेने तो कॅट बाजारात आणला. खेळापेक्षा चित्रांसाठी आज जगात सर्वांत जास्त ओळखला जाणारा कॅट तोच. काम प्रचंड आणि पैसा अगदी थोडा, असं तिने त्याच वर्षी एका मित्राला कळवलं होतं. १९५१ मध्ये ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. कॅटाचं नाव कित्येक वर्षं प्रकाशकाचं आणि वेट यांचं राहिलं. तिचं नाव त्यात अलीकडे जोडलं जाऊ लागलं आहे. पण प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात तिने आपल्या आद्याक्षरांची छोटी गुंफण काढून ठेवली आहे. नीट बघणाऱ्याला ती तेव्हाही दिसत होती.

त्या माशाचा अर्थ वेट यांनी स्वतःच्या पुस्तकात दिला आहे : मनातल्या प्रतिमा आकार घेऊन समोर येतात, तो हा मासा. पेले म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे भावना, हे त्या मंडळाचं गणित. पण त्याच मंडळाची आणखी एक वाटणी होती, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. त्यांनी दरबारी पत्त्यांनाही तत्त्वं वाटून दिली होती आणि सगळ्यांत धाकट्या पत्त्याच्या वाट्याला आली होती पृथ्वी. म्हणजे पेल्यांचा हा धाकटा दरबारी कोण? पाण्यातली माती. लंडनच्या विद्वानांनी याचे फार सूक्ष्म अर्थ लावले असतील. खाडीकाठच्या माणसाला पाण्यातली माती म्हणजे काय ते ताबडतोब कळतं. चिखल. खाजणातला काळा, पाय गुडघाभर खेचून घेणारा चिखल. आणि त्या चिखलाचा मालक असतो निवटा.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निवटा हा खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा मासा. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे फुगीर. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की इतर मासे पाण्याबरोबर मागे जातात. निवटा बाहेर येतो. पुढच्या परांच्या आधाराने सरकतो, उड्या मारतो, थांबून बघतो. त्वचेतून आणि तोंडाच्या ओल्या आतल्या अस्तरातून तो श्वास घेतो, आणि बाहेर पडताना कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेतो. म्हणजे आपला पेला तो आपल्या गालातच घेऊन फिरतो. पामेलाने निवटा कधी पाहिला असेल असं मानायला काही कारण नाही. पण पाण्यातून बाहेर येऊन माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणारा मासा काढायचा म्हटल्यावर तिच्या हातून जे उतरलं, ते माझ्या आत्याने एका नजरेत ओळखलं.

याहून जुना एक मासा मात्र या चित्राच्या मागे उभा आहे, आणि त्याची ओळख करून देणं हे या पुस्तिकेचं मुख्य काम. शतपथ ब्राह्मणात कथा आहे. सकाळी मनू हात धूत होता, तेव्हा पाण्याबरोबर एक इवलासा मासा त्याच्या हातात आला. मासा बोलला. म्हणाला, मला सांभाळ, मी तुला वाचवीन. मनूने विचारलं, कशातून? मासा म्हणाला, पूर येणार आहे. आणि तुला सांभाळायचं कसं? तर मासा म्हणाला, आम्ही लहान असतो तोवर आम्हाला भय असतं, कारण मासाच माशाला खातो. ‘मत्स्यन्याय’ हा शब्द आपण राजकारणावर बोलताना सहज वापरतो. त्या न्यायाविरुद्धची फिर्याद एका बोटभर माशाने मनूच्या ओंजळीत गुदरली होती. मनूने त्याला भांड्यात ठेवलं, मग खड्ड्यात, मग समुद्रात. पूर आला तेव्हा माशाच्या शिंगाला दोर बांधलेली नाव डोंगरापर्यंत पोचली. पुढे मत्स्यपुराणात आणि भागवतात तीच कथा विष्णूच्या पहिल्या अवताराची झाली. ओंजळीच्या पुढे कमंडलू आला, नदीला कृतमाला हे नाव आलं, राजा सत्यव्रत झाला, दोराच्या जागी वासुकी आला. पण कथेचा गाभा बदलला नाही. हातातल्या भांड्यात आलेला लहानगा मासा बोलला आणि माणसाने त्याचं ऐकून घेतलं.

आता पत्ता पुन्हा बघा. पाणी, भांडं, वर आलेला मासा, ऐकणारा माणूस. लंडनच्या चित्रकर्तीने मनूची कथा वाचून हे काढलं, असं मी अजिबात म्हणत नाही. ते म्हणणं म्हणजे द जेबेलँचं इजिप्त पुन्हा उभं करणं. माझं म्हणणं साधं आहे : हे चित्र समोर आलं तर मराठी माणसाने त्याचा अर्थ शोधायला इजिप्तला जायची गरज नाही. आपल्या घरात तो आहे.

आपल्या घरात पत्तेही आहेत. सावंतवाडीची गंजिफा अनेकांनी पाहिली नसेल, पण ती पाहायला हवी. गोल पानं, कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून केलेली, घोटलेली, रंगवलेली, वर लाखेचा हात. खेळ मुळात इराणकडून आला. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या १२ रंगांच्या गंजिफेचं वर्णन अबुल फजलने करून ठेवलं आहे. आपल्याकडे येता येता तिच्यातले अश्वपती-गजपती हे रंग गेले आणि दशावतार आले. १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पानं, अशी १२० पानं. पहिला रंग मत्स्याचा. एक्क्यावर एक मासा, दश्शीवर दहा. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. आणि एक गंमत : निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्या रंगांत एक्का मोठा. म्हणजे निम्म्या खेळात सगळ्यांत लहान पान प्रधानाच्या खालोखाल मान घेऊन बसतं. हा नियम ज्याने केला त्याला मनूचा मासा नक्की ठाऊक असावा, असा मला आपला उगीच संशय आहे.

ही कला १९७०च्या सुमारास जवळपास विझली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा चालू केली. आज राजवाड्यात गेलात तर रंगकाम चाललेलं दिसतं. टॅरोच्या दुकानातून ५ कॅट घेणाऱ्याने एकदा तिकडे जाऊन मत्स्याचा एक्का हातात घेऊन बघावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तिसरा मासा नाथांचा. शंकर पार्वतीला उपदेश करत होते, ती पेंगली, आणि पाण्यातल्या माशाच्या पोटातून कुणीतरी सगळं ऐकलं. तेच मच्छिंद्रनाथ. त्यांच्यापासून गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव, अशी परंपरा ज्ञानेश्वर स्वतः सांगतात. मनूच्या कथेत मासा बोलतो आणि माणूस ऐकतो. इथे देव बोलतो आणि माशातला ऐकतो. मराठी कवितेच्या मुळाशी एक चोरून ऐकणारा मासा आहे, ही गोष्ट मी कितीही वेळा आठवली तरी मला तिचा कंटाळा येत नाही.

या तिन्ही माशांत एकच धागा आहे आणि तोच मी या पत्त्याचा अर्थ मानते. लहानाचं ऐकून घेणं. अनपेक्षित जागेतून, अनपेक्षित तोंडातून एक गोष्ट सांगितली जाते. ती हसण्यावारी नेणं सोपं असतं. पेला हातात असलेला माणूस घोट घ्यायला निघालेला असतो. त्याला थांबावं लागतं. टॅरो वाचणारे या पत्त्याला सहसा चांगली बातमी, नवी कल्पना, प्रेमाची चाहूल, कलेची हाक असे अर्थ देतात. ते चुकीचे नाहीत, अपुरे आहेत. मनूच्या माशाने आणलेली बातमी चांगली होती का? त्याने पूर येणार असल्याचं सांगितलं होतं.

पुराचा विषय निघाला की आम्हा खाडीकाठच्या लोकांना तो पुराणातला राहत नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांनी खाडीलगतच्या जमिनी बांध घालून पिकवल्या. बांधाला उघाडी ठेवायची. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी. पावसाचं पाणी बाहेर, खाडीचं खारं पाणी बाहेरच. मिठागरं होती, पाग टाकून मासे मारणारे होते. पेण-अलिबागकडे आजही जिताड्याची बोटभर पिल्लं खाडीतून आणून गावतळ्यात सोडतात आणि ती हातभर मोठी होईतो वाढवतात. मनूने भांड्यातला मासा खड्ड्यात सोडला, त्याची ही रोजच्या व्यवहारातली आवृत्ती म्हणा. मग १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. खाडीलगतचा सखल भाग भरून त्यावर उभं राहणारं शहर भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर बुडेल, हे आखणाऱ्यांनी ओळखलं होतं, म्हणून धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की खाडीत सुटतं. आत्याच्या भाषेत सांगायचं तर तीच उघाडी, फक्त काँक्रीटची. शहराच्या हातातले हे पेलेच आहेत. त्यांत गाळ साचतो, खारफुटी वाढते, आणि पेला उथळ होत जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा अख्ख्या महामुंबईला कळलं की पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. बांधावर उभं राहून भरतीची वेळ सांगणारी माणसं आमच्या गावांत होती. त्यांना विचारलं किती जणांनी?

ऐकून घेतलं जाण्याची किंमतही या पट्ट्याने मोजली आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. पत्त्यातल्या तरुणाला मासा एकदा दिसला आणि त्याने ऐकलं. जगात सहसा इतकं सोपं नसतं. मत्स्यन्यायात लहान माशाला ऐकवण्यासाठी फार मोठा आवाज काढावा लागतो. म्हणून हा पत्ता उलटा पडला तर काय, या प्रश्नाचं माझं उत्तर इतर पुस्तकांहून वेगळं आहे. ते म्हणतात, उलटा पत्ता म्हणजे पोरकटपणा, रुसवा, अडलेली प्रतिभा. मी म्हणते, पेला उलटा झाला की मासा जमिनीवर पडतो. चूक त्या माशाची नसते.

आता भविष्याविषयी स्पष्ट बोलायला हवं, नाहीतर हे पुस्तक चुकीच्या हातात पडेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या राज्यात बसून मी लिहिते आहे. पत्त्याला उद्या काय होणार ते कळत नाही. कागदाला ते कळायचं काही साधन नाही. पोपटवाल्या ज्योतिष्याच्या पिंजऱ्यातला पोपट रांगेतून एक पाकीट ओढतो, कोकणातल्या देवळात गुरव पाकळ्या लावून कौल घेतो, शहरातली मुलगी मोबाइलवर ‘आजचा पत्ता’ बघते. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे, आणि ती दैव नाही. अडलेल्या माणसाला थांबून विचार करायला एक निमित्त हवं असतं. निमित्त फुकट असेल किंवा दहा-वीस रुपयांत मिळत असेल तर माझी तक्रार नाही. पण त्या निमित्ताच्या नावावर कुणी भीती विकत असेल, ग्रह-बाधा-उताऱ्याचे हजारो रुपये मागत असेल, तर पत्ते खाली ठेवून उठावं. या पत्त्याचा तर तोच धडा आहे. त्यातल्या तरुणाने माशाचं ऐकायला कुणाला पैसे दिलेले नाहीत.

मग या पत्त्याचं करायचं काय? मी करते ते सांगते. तो भिंतीवर लावते किंवा पुस्तकात खूण म्हणून ठेवते, आणि आठवड्यातून एकदा स्वतःला विचारते : या आठवड्यात कोण बोललं आणि मी ऐकलं नाही? उत्तरं बहुतेक वेळा घरातलीच निघतात. दुपारी फोन करून काहीतरी सांगू पाहणारी बहीण. सहावीतला मुलगा. कामाच्या जागी चहा देणारा. आणि स्वतःच्या आतलं एखादं म्हणणं, रोज डोकं वर काढणारं आणि रोज घोटाबरोबर गिळलं जाणारं. भाचीने त्या दिवशी पत्ता पिशवीत टाकला आणि ती मुलाखतीला गेली. नोकरी मिळाली की नाही, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचक पत्त्याला श्रेय तरी देईल नाहीतर दोष, आणि दोन्हींवर पत्त्याचा हक्क नाही.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्या भागात चित्र तपशिलाने पाहिलं आहे, रंग, कापड, लाटा, हात, डोळे. दुसऱ्यात पेल्यांच्या गुलामाची वंशावळ, मिलानपासून बदाम सातपर्यंत. तिसऱ्यात मासे : मनूचा, मच्छिंद्राचा, सावंतवाडीच्या एक्क्यावरचा आणि खाडीतला निवटा. चौथ्यात उलटा पत्ता, म्हणजे न ऐकलेल्या गोष्टी. भाग क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही. मासा कुठूनही वर येऊ शकतो.

हे लिहिताना घरातल्यांनी माझ्या टेबलावरचे पत्ते आवरले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार. आत्याला वाचून दाखवलं तेव्हा तिने पेजेचा भाग दोनदा वाचायला लावला आणि निवट्याच्या भागात एक दुरुस्ती सुचवली. ती मी इथे शेवटी लिहिते, कारण पत्त्याविषयी मला सांगता आलं असतं त्याहून ती जास्त सांगते.

वाचकहो, आमच्याकडची खाडी पाहायची असेल तर आज पाम बीच रस्ता ओलांडून जावं लागतं. ओहोटीची वेळ बघून जा. चिखल उघडा पडला की निवटे बाहेर येतील. तुम्ही हललात, बोललात, फोटोसाठी हात वर केलात, की ते बिळात जातील. निवटा पाहायचा तर गप्प उभं राहावं लागतं.

शिरवणे, नवी मुंबई
नारळी पौर्णिमा